भाच्याचा हात जेलमध्ये मोडला: आधी केस की आधी तक्रार?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा २४ वर्षांचा भाचा न्यू जर्सीतल्या एका काउंटी जेलमध्ये आहे. खटला अजून उभा राहिलेला नाही, जजने सुटकाही नाकारली आहे. नऊ दिवसांपूर्वी कोठडी बदलताना तीन-चार ऑफिसरांनी त्याला जमिनीवर पाडलं. डावं मनगट मोडलं, आणि एक्स-रे निघाला पाचव्या दिवशी. तुम्ही विचारताय की फेडरल कोर्टात लगेच केस टाकायची का. नाशिकचे तुमचे वकील बंधू म्हणतात, थेट जजला पत्र लिहा.

केस नंतर. आज त्याचा फोन आला की पहिलं हे विचारा: "ग्रीव्हन्सचा, म्हणजे जेलकडे द्यायच्या अधिकृत लेखी तक्रारीचा, फॉर्म भरलास का?" नसेल भरला तर उद्या सकाळी भरायला सांगा. वकील शोधण्याच्या आधी, माझ्यासारख्याला फोन करण्याच्याही आधी.

तुमच्या बंधूंना मी दोष देत नाही. ते ज्या परंपरेतून बोलतात ती भारतात खरीच आहे. तिहारमधल्या एका कैद्याला झालेल्या छळाबद्दल दुसऱ्या कैद्याने, सुनील बत्राने, सुप्रीम कोर्टाला पत्र पाठवलं, आणि कोर्टाने त्या पत्रालाच याचिका मानून १९७९ साली निकाल दिला. आपल्या महाराष्ट्रातलं त्याहून जुनं उदाहरण म्हणजे प्रभाकर पांडुरंग सांझगिरी. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असताना त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं. ते छापायला बाहेर पाठवू द्या म्हणून सरकारकडे अर्ज केला, नकार आला, मग हायकोर्टात गेले आणि १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टातही जिंकले. गंमत बघा, त्यांनीही आधी अर्जच केला होता. पण तिथे कुणी असं म्हटलं नसतं की अर्ज तीन दिवस उशिरा दिलात, सबब तुमचा हक्क बुडाला. अमेरिकेत नेमकं हेच म्हणतात.

इथे कैद्याला सरकारी माणसाविरुद्ध घटनात्मक हक्कासाठी दावा करायचा तर तो बहुतेक वेळा 'सेक्शन १९८३' खाली होतो. १९८३ हा कलमाचा क्रमांक, साल नव्हे. हा कायदा १८७१ चा, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीच्या दहशतीच्या काळातला. तुम्ही-आम्ही बाहेरची माणसं या कलमाखाली सरळ कोर्टात जाऊ शकतो, आधी कुठल्या खात्याकडे दाद मागायची सक्ती नाही. कैद्याला मात्र १९९६ पासून ही सक्ती आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये क्लिंटन यांनी 'प्रिझन लिटिगेशन रिफॉर्म ॲक्ट'वर सही केली. त्यात म्हटलंय की तुरुंगात तक्रारीचे जे मार्ग 'उपलब्ध' आहेत ते सगळे संपवल्याखेरीज दावा आणता येणार नाही. आम्ही वकील याला 'एक्झॉशन' म्हणतो. हा 'उपलब्ध' शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं येऊन ठेपतं.

हा कायदा आला तेव्हा कैदी फालतू केसेस करतात अशी हवा होती. नेहमीचा दाखला पीनट बटरचा: म्हणे एका कैद्याला क्रीमी पीनट बटर मिळालं, त्याला क्रंची हवं होतं, म्हणून त्याने केस केली. जॉन न्यूमन नावाच्या फेडरल जजने ते प्रकरण उघडून बघितलं. त्या माणसाने चुकीची बरणी परत केली होती, बदली बरणी उद्या मिळेल असं सांगण्यात आलं होतं, पण त्याच रात्री त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं आणि खात्यातून कापलेले अडीच डॉलर गेले ते गेलेच. अडीच डॉलर ही मोठी रक्कम नाही, पण आत कैद्याच्या हाती पैसा किती असतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसणार नाही. असो. कायदा झाला आणि तो तुमच्या भाच्यालाही लागू आहे. 'तो अजून दोषी ठरलेला नाही' हा बचाव इथे चालत नाही, कारण या कायद्याच्या व्याख्येत आरोपी म्हणून कोठडीत असलेला माणूससुद्धा 'प्रिझनर'च आहे.

तुमच्या मनात येईल, जेलची तक्रार समिती काय हाडाची भरपाई देणार आहे? देणार नाही. तरीही तक्रार करावीच लागते. बूथ विरुद्ध चर्नर या २००१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आतल्या व्यवस्थेत पैसे देण्याची सोयच नसली तरी तक्रार आणि अपील या सगळ्या पायऱ्या चढायच्या. पुढच्याच वर्षी पोर्टर विरुद्ध नसलमध्ये ठरलं की जेवणाच्या तक्रारीला जो नियम, तोच मारहाणीलाही. आणि २००६ च्या वुडफर्ड विरुद्ध न्गोने शेवटचा खिळा ठोकला: तक्रार जेलच्या नियमांप्रमाणे, जेलने ठरवलेल्या मुदतीतच हवी. तिथे कॅलिफोर्नियाची मुदत १५ कामाच्या दिवसांची होती, कैद्याने सुमारे सहा महिन्यांनी तक्रार दिली, तुरुंगाने 'उशिरा आली' म्हणून परत पाठवली. कोर्ट म्हणालं, मग तुझ्या पायऱ्या संपल्याच नाहीत. आणि त्या आता कधीच संपणार नव्हत्या.

म्हणून घाई. मुदत प्रत्येक जेलची वेगळी. शिकागोच्या कुक काउंटी जेलमध्ये १५ दिवस, टेक्सासच्या राज्य तुरुंगांत १५, फेडरल तुरुंगांत २०, न्यूयॉर्क राज्याच्या तुरुंगांत २१. काउंटी जेलं याहून कमीही ठेवतात. नऊ दिवस तुमचे गेलेच आहेत. नेमका आकडा 'इन्मेट हँडबुक'मध्ये, म्हणजे कैद्यांच्या नियमपुस्तिकेत असतो. कुठे छापील पुस्तिका देतात, कुठे टॅब्लेटवर असते. भाच्याला ते पान शोधून फोनवर वाचून दाखवायला सांगा आणि तुम्ही शब्दन् शब्द लिहून घ्या. मुदत दिवसांची की कामाच्या दिवसांची, आधी तोंडी तक्रार सक्तीची आहे का, उत्तर किती दिवसांत यायला हवं, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत. मुदत उलटून गेली असेल तरी भरायचीच. हाताला प्लास्टर होतं, दवाखान्याच्या कोठडीत होतो, फॉर्म मागितला तो दिला नाही, जे खरं असेल ते कारण त्यातच लिहायचं.

आता फॉर्ममध्ये काय लिहायचं ते. घरची माणसं इथे दोन चुका करायला लावतात. एक तर पाच पानांची करुण कहाणी, नाहीतर वकिली भाषा. दोन्ही नको. बऱ्याच जेलच्या फॉर्मवर जेमतेम आठ-दहा ओळींची जागा असते, आणि एका फॉर्मवर एकच विषय असा नियमही अनेक ठिकाणी असतो. म्हणून भाच्याचे दोन फॉर्म होतील, एक मारहाणीचा आणि एक उपचाराच्या उशिराचा. पहिला साधारण असा:

"अमुक तारखेला, सकाळी साडेनऊच्या सुमारास, अमुक युनिटमध्ये मला दुसऱ्या कोठडीत नेताना चार ऑफिसरांनी खाली पाडलं. मी पालथा पडलो होतो, हात पाठीमागे होते, तेव्हा एकाने डावं मनगट पिरगळलं. तो उंच, टक्कल असलेला, सकाळच्या शिफ्टचा सार्जंट होता. नाव माहीत नाही. मनगट मोडलं. समोरच्या भिंतीवर कॅमेरा आहे. चौकशी करावी, चित्रण जपून ठेवावं, या ऑफिसरांना माझ्यापासून दूर ठेवावं आणि योग्य ती सर्व दाद द्यावी."

एवढं पुरे. इंग्रजीतही इतक्याच साध्या वाक्यांत. नाव माहीत नसेल तर वर्णन चालतं. जोन्स विरुद्ध बॉकमध्ये २००७ साली कोर्टाने सांगितलं की तक्रारीत नाव नसलेल्या माणसावर नंतर दावा करता येत नाही असा सरसकट नियम नाही, जेलचे स्वतःचे नियम काय मागतात ते पाहायचं. त्यामुळे हँडबुक नावं मागत असेल तर 'नाव माहीत नाही' हे स्पष्ट लिहावं, रकाना कोरा सोडू नये.

एक धोका मात्र आहे. हा फॉर्म म्हणजे भाच्याचा लेखी जबाबच, आणि सरकारी वकील तो वाचू शकतो. ऑफिसरवर हल्ला केल्याचा नवा आरोप त्याच्यावर ठेवला असेल, आणि अशा घटनेनंतर तो अनेकदा ठेवतात, तर त्याच्या क्रिमिनल वकिलाला आजच कळवा. फॉर्म थांबवायचा नाही, पण त्यात 'मीही झटापट केली' वगैरे काही नको. याच आरोपाला पुढे मागे 'गिल्टी' म्हणून तडजोड करायची वेळ आली तर त्याआधी सिव्हिल वकिलाशी बोला. १९९४ च्या हेक विरुद्ध हम्फ्रीमुळे अशी कबुली मारहाणीच्या दाव्याच्या आड येऊ शकते.

फॉर्म दिला की प्रत. कागदी फॉर्मला कार्बन असेल तर त्याची रंगीत प्रत, टॅब्लेट असेल तर तक्रारीचा क्रमांक. क्रमांक त्याने फोनवर तुम्हाला सांगायचा, तुम्ही तारखेसह वहीत लिहायचा. माझा एक अशील सगळ्या प्रती बायबलमध्ये पानापानांत घालून ठेवायचा. झडतीत त्याच्या सामानाच्या दोन पिशव्या 'हरवल्या', बायबल तेवढं हातात होतं म्हणून वाचलं. केस त्या गुलाबी कागदांवर टिकली.

दुसऱ्या एका अशिलाची नाही टिकली, आणि ती अजून मला टोचते. त्याने टॅब्लेटवरून चौथ्या दिवशी तक्रार केली होती. उत्तर आलं: 'इंटर्नल अफेअर्सकडे (अंतर्गत चौकशी विभागाकडे) पाठवली आहे', आणि वर स्थिती 'क्लोज्ड'. त्याला वाटलं, वरच्या लोकांनी हातात घेतलं, आता आपलं काम संपलं. उत्तराच्या खाली अपीलचं एक बारीकसं बटण होतं, ते पाच दिवस दिसायचं आणि मग नाहीसं व्हायचं. तो माझ्याकडे आला तेव्हा दोन महिने उलटले होते. मी जे जे मांडता येईल ते मांडलं. जजने सहानुभूती दाखवली आणि दावा काढून टाकला.

हीच चूक सुप्रीम कोर्टापर्यंतही गेली आहे. मेरीलंडच्या एका तुरुंगात एका गार्डने ब्लेक नावाच्या कैद्याला धरलं आणि दुसऱ्याने तोंडावर ठोसे मारले. ब्लेकने वरिष्ठांना सांगितलं, अंतर्गत तपास वर्षभर चालला, मारणाऱ्या गार्डवर ठपकाही आला. पण ब्लेकने तक्रारीचा ठरलेला अर्ज केला नव्हता. २०१६ च्या रॉस विरुद्ध ब्लेकमध्ये कोर्ट म्हणालं, 'विशेष परिस्थिती होती' म्हणून सूट देण्याचा अधिकार जजला नाही. तेव्हा ताई, सार्जंटला तोंडी सांगणं, इंटर्नल अफेअर्सला पत्र, काँग्रेसमनच्या ऑफिसला ईमेल, न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला फोन, आणि बंधू म्हणतात ते जजला पत्र, यातलं काहीही ग्रीव्हन्सची जागा घेत नाही. सिक कॉलची, म्हणजे डॉक्टरला भेटायची चिठ्ठीसुद्धा नाही, ती उपचाराची मागणी झाली, तक्रार नव्हे. भाच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तिचं अपील हाही वेगळा रस्ता. हे सगळं जरूर करा, पण फॉर्मच्या जोडीने. आणि उत्तर गोड आलं तरी अपील करायचं. 'तुझी तक्रार योग्य आहे, आम्ही लक्ष घालू' अशा उत्तरावरही, मागितलेलं सगळं मिळालं नसेल तर शेवटच्या पायरीपर्यंत.

त्याच रॉस निकालात दुसरी बाजूही आहे, आणि आम्ही रोज तिच्यावर जगतो. जो मार्ग नावापुरताच आहे तो 'उपलब्ध' नाही. कोर्टाने तीन प्रसंग सांगितले. अधिकारी कधीच काही देत नाहीत किंवा देऊ शकत नाहीत, नुसती भिंत. नियम इतके गूढ की सामान्य कैद्याला उमगणारच नाहीत. आणि तिसरा, अधिकाऱ्यांनीच धमकावून, फसवून, चुकीची माहिती देऊन वाट अडवली. 'तक्रार केलीस तर बघ' असं कुणी म्हटलं असेल तर ते शब्द, तारीख, कुणी ऐकलं, हे सगळं लिहून ठेवायला सांगा. तक्रारीनंतर त्याला एकांत कोठडीत टाकलं किंवा कॉमिसरी (जेलमधल्या दुकानातली खरेदी) बंद केली, तर तो सूड हा वेगळा घटनाभंग आहे, आणि त्यासाठी, होय, वेगळा फॉर्म.

न्यू जर्सीला लागू असलेल्या थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाचा कायदा इथे कैद्याला थोडा बरा आहे. कॅम्डेन काउंटीच्या जेलमधल्या एका व्हीलचेअरवरच्या कैद्याच्या प्रकरणात २०१३ साली त्या कोर्टाने म्हटलं की हँडबुकप्रमाणे अपील 'निर्णया'वर आहे, आणि जेलने ज्या तक्रारींना उत्तरच दिलं नाही त्यांच्यावर अपील करायला मार्गच नव्हता. जेलने स्वतःची उत्तराची मुदत चुकवली तर पायऱ्या संपल्याच समजायचं, हेही या सर्किटने २०१९ मध्ये मान्य केलं. तरी माझा सल्ला असा की उत्तर आलं नाही तर 'उत्तर आलेलं नाही' याच मुद्द्यावर अपील टाकायचं. काही खर्च येत नाही, आणि पुढच्या वकिलाचं अर्धं डोकं वाचतं.

तक्रारीच फाडल्या तर? जून २०२५ मध्ये पर्टू विरुद्ध रिचर्ड्समध्ये नेमकं हे आलं. मिशिगनचा कैदी म्हणत होता की ज्याच्याविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी, त्याच अधिकाऱ्याने त्या नष्ट केल्या. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की एक्झॉशनचा वाद मूळ दाव्याशीच गुंतलेला असेल तर त्याचा फैसला ज्युरीने करायचा, एकट्या जजने नाही. ज्याला ज्युरीसमोर उभं राहायला मिळतं त्या कैद्याच्या केसची किंमत बदलते, हे मी अनुभवाने सांगतो.

लैंगिक अत्याचाराचं काही असेल तर, तुम्ही लिहिलं नाही पण विचारून बघा, मुलं हे मावशीला सहज सांगत नाहीत. त्यासाठीच्या फेडरल नियमांत तक्रारीला मुदत ठेवता येत नाही आणि बाहेरचा नातेवाईकही तक्रार देऊ शकतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, केस कधी. पायऱ्या अर्धवट असताना टाकलेली केस बाद होते, मध्येच पायऱ्या पूर्ण केल्या तरी. पण मुदतीचं घड्याळही चालू आहे. न्यू जर्सीत सेक्शन १९८३ साठी दोन वर्षं. राज्याच्या कायद्याखाली काउंटीकडून नुकसानभरपाई मागायची असेल तर घटनेपासून ९० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. जेलमधली तक्रार म्हणजे ती नोटीस नव्हे. ही तारीख आजच कॅलेंडरवर लाल करा.

आणि एक डाव असा आहे जो घाईत लोकांच्या ध्यानात येत नाही. भाचा सुटल्यावर केस टाकली तर तो 'प्रिझनर' राहत नाही, आणि एक्झॉशनची अटच लागत नाही. कैद्याने जिंकल्यास वकिलाची फी भरपाईच्या दीडपटीत अडवणारी मर्यादा नाही, 'शारीरिक इजा नसेल तर मानसिक त्रासाचे पैसे नाहीत' हे कलमही नाही. थर्ड सर्किटने तर २०१९ मध्ये असंही म्हटलं की आत असताना टाकलेला दावा सुटकेनंतर सुधारून दिला तर जुना दोष धुऊन निघतो. खटला वर्षभरात निकाली निघून तो घरी येण्याची चांगली शक्यता असेल तर मी थांबतो. पण सुटकेच्या आशेवर ग्रीव्हन्स सोडायची नाही. आशा चुकली तर हाती काही उरत नाही. तो इमिग्रेशनच्या कोठडीत असता तर गोष्ट वेगळी असती, केवळ इमिग्रेशनसाठी अडकवलेल्या माणसाला कोर्टं 'प्रिझनर' मानत नाहीत.

दाव्याच्या गुणदोषांत फार शिरत नाही, एवढंच सांगतो की आरोपी असणं इथे त्याच्या फायद्याचं आहे. विस्कॉन्सिनच्या किंग्जली नावाच्या आरोपीने कोठडीतल्या दिव्यावर कागद लावला होता आणि काढायला नकार दिला. त्यावरून त्याला उचलून नेलं, बेड्या घातलेल्या असताना टेझर, म्हणजे विजेचा झटका देणारं यंत्र, लावला. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, खटला व्हायचा असलेल्या माणसाला गार्डच्या मनात काय होतं हे सिद्ध करायची गरज नाही, वापरलेलं बळ अवाजवी होतं एवढं पुरे. शिक्षा झालेल्याला हे इतकं सोपं नसतं.

तुम्ही बाहेरून काय करायचं? काउंटीच्या वकिलाला आणि जेलच्या वॉर्डनला पत्र पाठवा: अमुक तारखेचं, अमुक युनिटचं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा. नोंदणीकृत टपालाने, ईमेलही करा. चित्रण ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि मग कुणालाच काही आठवत नाही. हँडबुकची प्रत राज्याच्या सार्वजनिक दस्तऐवज कायद्याखाली काउंटीकडे मागता येते, सात कामाच्या दिवसांत उत्तर यायला हवं. व्हिडिओ भेटीत हाताची सूज, प्लास्टर, काय दिसलं ते त्याच दिवशी वहीत लिहा.

आणि फोनवर घटनेची चर्चा नको. जेलचे फोन रेकॉर्ड होतात. मराठीत बोललो तर कुणाला कळणार, असं माझ्या एका अशिलाच्या आईलाही वाटलं होतं. सहा महिन्यांनी त्या संभाषणाचं इंग्रजी भाषांतर माझ्या टेबलावर आलं, चक्क 'अगं आई गं'सकट. तारीख, तक्रारीचा क्रमांक, अपीलची मुदत, एवढंच फोनवर बोला. बाकीचं वकिलाच्या भेटीत.

पैशाचं म्हणाल तर फेडरल कोर्टाची फी गरीब कैद्यालाही माफ होत नाही, ३५० डॉलर त्याच्या जेलच्या खात्यातून हप्त्याने कापतात. स्वतःच घाईने केस टाकून ती निरर्थक म्हणून फेटाळली गेली तर तो एक 'स्ट्राइक', आणि तीन झाले की आत असेपर्यंत हप्त्याची सवलतही जाते, जिवाला धोका असेल तरच अपवाद. म्हणून त्याने कोठडीतल्या मित्राकडून केस लिहून घेऊ नये.

हे सगळं सर्वसाधारण आहे, हँडबुक न बघता लिहिलंय. तक्रारीची पानं हाती लागली की मुदतीची आणि अपीलची वाक्यं जशीच्या तशी इथे टाका, भाच्याचं आणि जेलचं नाव न देता. भाच्याने फॉर्म कोणत्या तारखेला कुणाच्या हातात दिला, तेही.